माग काढणें

‘ट्रॅकिंग’ हा शब्द आतां मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. टपालाचें पार्सल कोठवर आलें, आगगाडी किती उशिरानें धांवत आहे, मुलगी कचेरींतून निघाली कीं नाहीं, हें सर्व मोबाइलच्या पडद्यावर पाहावयाचें व त्यास हेंच एक नांव द्यावयाचें. प्रतिशब्दासाठीं फार दूर जावयास नको. ‘माग’ हा शब्द आपल्या पदरीं आहेच. माग काढणें, मागावर असणें, मागोवा घेणें, मागमूस न लागणें, हे प्रयोग अद्याप जिवंत आहेत. (विणकराच्या मागाशीं येथें आपणांस कर्तव्य नाहीं.) संस्कृत ‘मार्ग’ शब्दाचें हें मराठी रूप होय. मार्ग म्हणजे रस्ता, हा अर्थ आज मुख्य वाटतो. परंतु त्या शब्दाचें नातें ‘मृग’ शब्दाशीं आहे, आणि वन्य पशूच्या पाउलांची वाट असाहि त्याचा एक अर्थ आहे. आपलें ‘मागणें’ त्याच कुळांतलें. शोधणें हा त्याचा मूळ अर्थ.

पण माग काढणें म्हणजे नुसतें शोधणें, एवढ्यावर आमच्या पूर्वजांचें भागत नसे. याज्ञवल्क्यस्मृतींत चोरीच्या प्रकरणीं असा नियम आहे कीं, शिवेच्या आंत चोरी झाल्यास त्या गांवानें भरपाई द्यावी, किंवा चोराचें पाऊल ज्या गांवांत जाईल त्यानें द्यावी. गांवापासून कोसापलीकडे गुन्हा घडल्यास पांच किंवा दहा गांवांनीं मिळून द्यावी. पाऊल हा येथें केवळ पुरावा नाहीं. देणें कोणाचें, हें तें ठरवितें.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत हीच वहिवाट चालू असलेली दिसते. गांवचा राखणदार, मग तो रामोशी असो वा भिल्ल असो, चोराच्या पाउलांवरून निघे. माग शेजारच्या गांवांत शिरला आहे अशी तेथील राखणदाराची त्यानें खात्री पटविली, म्हणजे त्याची सुटका होई. पुढचा माग त्या दुसऱ्यानें उचलावयाचा. माग ज्या गांवापर्यंत निःसंशय पोंचला तें शेवटचें गांव जबाबदार. स्वतःच्या गळ्यांत पडणारा हा ठसा शेजारचा मनुष्य सहजासहजीं कबूल करीत नसेल, हें उघड आहे. कोरडी धूळ, नाल्यांतील खडक, मधूनच गेलेलीं गुरें, ह्यांवरून शिवेवर किती हुज्जत पडत असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी!

ह्या पद्धतीचें फार कौतुकहि करूं नये. ऐपत असेल तेथवर भरपाई प्रथम राखणदारानेंच द्यावयाची, उरलेली गांवावर बसावयाची. सर्वांत दरिद्री माणसाच्या माथीं पहिला बोजा! ही वसुली अन्यायाची आहे, असें एल्फिन्स्टननेंच म्हटलें आहे. पूर्ण रक्कम क्वचितच घेत, असेंहि तो नमूद करतो. तथापि एक गोष्ट तींत होती: माग ज्याच्या हातीं, त्यास उत्तर देणें भाग असे. पडद्यावरचा ठिपका पाहणाऱ्यावर असें कोणतेंच ओझें नसतें.

पुढें ह्या विद्येचें चाक उलटें फिरलें. १८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानें तो हिंदुस्थानभर लागू करतां येऊं लागला. जमातीच्या जमाती जन्मतः संशयित ठरल्या. नोंदवहींत नांव, नेमल्या वेळीं हजेरी, गांव सोडावयाचें तर परवाना, आणि बोटांचे ठसे! येथें चोरी आधीं व माग मागाहून, हा क्रमच राहिला नाहीं. चोरी झालेली नसतांच माणसाचा माग ठेवावयाचा. शिवाय ठेवणारास त्याबद्दल कोणाचें कांहीं देणें नाहीं. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला, आणि त्याच्या कचाट्यांतून सुटलेल्यांस ‘विमुक्त’ म्हणूं लागले. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादींत, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचीं पाउलें वाचीत आलेल्या रामोशांचें नांव आहे.