देवनहळ्ळीचा किल्ला आणि कार्नाडांचे दोन सुलतान

बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळीचा किल्ला आहे. 1749 साली म्हैसूरच्या सैन्याने येथील पाळेगाराविरुद्ध वेढा घातला, तेव्हा हैदर अली हा तोवर अप्रसिद्ध असलेला स्वार सेनापती नंजराजाच्या नजरेत भरला आणि 50 स्वार व 200 पायदळ यांचे आधिपत्य त्याला मिळाले. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच याच गावी टिपूचा जन्म झाला. पुढे 1791 मध्ये बंगळूर घेतल्यावर कॉर्नवालिसने हाही किल्ला घेतला. पित्याचा उदय, पुत्राचा जन्म आणि राज्याच्या ऱ्हासाचा आरंभ एकाच तटाच्या आसपास घडावा, ही रचना नाटककाराने केली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते.

टिपूने या जन्मगावाला यूसुफाबाद असे नाव दिले होते. ते लोकांत रुजले नाही. परंतु यूसुफ हा कुराणातील स्वप्नांचा अर्थ लावणारा पैगंबर आहे, आणि टिपू स्वतः आपली स्वप्ने गुप्तपणे लिहून ठेवीत असे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की त्या नावाकडे दुर्लक्ष करवत नाही. टिपूच्या हस्ताक्षरातील ही फार्सी नोंदवही श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर राजवाड्यात सापडली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. तीत 37 स्वप्ने आहेत. गिरीश कार्नाड यांनी स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, 1997 मध्ये, बीबीसीसाठी लिहिलेले टिपूवरील नभोनाट्य या वहीवरच उभे आहे.

या नाटकाचा विचार ‘तुघलक’ (1964) बाजूला ठेवून करता येणार नाही. मराठी वाचकाला तर मुळीच नाही. विजय तेंडुलकरांच्या अनुवादातून आणि अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने 1971 मध्ये केलेल्या प्रयोगातून ते आपले झाले, शिवाय त्याचा उत्तरार्ध दौलताबादेत, म्हणजे आपल्याच देवगिरीवर घडतो. दोन्ही नाटकांत नायकाशेजारी इतिहासकार उभा आहे: तेथे बरनी, येथे किरमाणी. दोन्ही नायक काळाच्या पुढे धावू पाहतात. पण मुहंमद झोपू शकत नाही आणि टिपू स्वप्ने पाहतो. हा भेद केवळ प्रतिमांचा नाही.

मुहंमदाची निद्रा हरपली आहे ती सदसद्विवेकामुळे. नमाजाच्या वेळी घडलेला पित्याचा आणि भावाचा मृत्यू त्याच्या राज्यारोहणाच्या मुळाशी आहे; पुढे ज्या प्रार्थनेची त्याने सक्ती केली, तीच त्याला बंद करावी लागते. अझीज हा धोबी ब्राह्मणाचे आणि शेवटी खलीफाच्या वंशजाचे सोंग घेतो, तेव्हा सुलतानाला त्याच्यात स्वतःचेच रूप दिसते. ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला एका ठकाकडून मिळते, आणि म्हणून तो त्याला शिक्षा करू शकत नाही. ॲरिस्टॉटलप्रणीत ‘प्रमादा’पेक्षा हे अधिक भेदक आहे. येथे प्रमाद नुसता घडत नाही, तो ओळखला जातो.

टिपूच्या नाटकात ही ओळख मला आढळत नाही. 1791 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरी मठ लुटला आणि टिपूने तेथील स्वामींना कन्नडमधून पत्रे लिहून मदत पाठवली. ही पत्रे 1916 मध्ये उजेडात आली. त्याच टिपूच्या नावावर कोडगू आणि मलबारातील दडपशाहीही आहे. एकाच पुरुषाची ही दोन रूपे म्हणजे शोकात्मिकेचे खरे द्रव्य; परंतु नाटकात दुसऱ्या रूपाला फारशी जागा नाही. 1792 च्या तहाने निम्मे राज्य, 3 कोटी 30 लाख रुपये आणि दोन मुले ओलीस द्यावी लागलेला बाप आपल्याला हेलावतो. पण तो बाहेरून मोडला जातो. तो परिस्थितीचा बळी आहे, शोकनायक अजून नाही.

नवल हे की, मूळ नोंदवहीत त्याचा प्रमाद स्पष्ट आहे, आणि तो थेट आपल्याशी संबंधित आहे. 1786 च्या मोहिमेत, सावनूरच्या परिसरात, हरिपंत फडक्यांच्या फौजेवर रात्रीचा छापा घालण्यापूर्वी त्याला स्वप्न पडले: समोर बसलेला देखणा तरुण प्रत्यक्षात पुरुषवेषातील स्त्री निघाली. टिपूने अर्थ लावला की मराठे पुरुषी वेषात असले तरी बायका ठरतील. त्या रात्रीपुरता हा अर्थ त्याला खरा वाटला असेल. पण 1790 मध्ये नाना फडणिसांनी पुण्यात इंग्रजांशी तह केला, आणि हेच हरिपंत व परशुरामभाऊ म्हैसुरावर चालून आले. स्वप्नाचा अर्थ लावणाऱ्याने शत्रूला ओळखण्यात चूक केली होती, आणि तीही स्वतःच्या मोठेपणाच्या समाधानासाठी.

मराठीत या अंकाची दुसरी बाजू लिहिलेली आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त पटवर्धनांचा पत्रव्यवहार छापला, खरे स्वतः नाटककारही होते. तेंडुलकरांनी ‘तुघलक’ मराठीत आणल्यानंतर वर्षभरातच ‘घाशीराम कोतवाल’मधून (1972) नाना फडणिसांना रंगमंचावर आणले. त्या नानांपुढे पुण्याचा कोतवाल होता. ज्यांनी टिपूविरुद्ध इंग्रजांचा हात धरला, त्या नानांचे नाटक निराळे. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टणच्या तटापाशी टिपू पडला. त्यानंतर चार वर्षांतच, 1803 मध्ये, इंग्रजी फौजा पुण्यात होत्या.