पावसातले कोलोन

तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत होती. त्या सुगंधी पाण्याला ज्याने आपले नाव दिले, ते कोलोन शहर जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी वसले आहे. रोमन सम्राज्ञी अ‍ॅग्रिपिना हिचा जन्म येथला. तिच्याच आग्रहाने इ. स. ५० मध्ये या ठाण्याला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला, आणि ‘कोलोनिया’ या शब्दातून आजचे नाव उतरले.

हे शहर पाहावे ते पावसात. एरवी प्रवाशाची दृष्टी कॅथीड्रलच्या १५७ मीटर उंच जोडशिखरांवर खिळून राहते. पाऊस लागला की शिखरे ढगांत बुडतात, आणि छत्री सावरीत उभ्या राहिलेल्या माणसाचे लक्ष भिंतींकडे जाते. आपल्या देवळांत अभिषेकाचे पाणी गोमुखातून बाहेर पडते. येथे छपरावरचे पाणी भिंतीपासून दूर फेकण्यासाठी अक्राळविक्राळ प्राण्यांची मुखे कोरलेली आहेत. धूर आणि पाऊस यांनी मिळून मूळचा करडा दगड काळवंडून टाकला आहे, ठिकठिकाणी तो झिजविलाही आहे. म्हणून पाथरवटांचे काम येथे कधीच संपत नाही. हे मंदिर ज्या दिवशी पुरे होईल त्या दिवशी जगाचा अंत होईल, अशी गावात म्हणच आहे!

म्हण निघण्यासारखाच त्याचा इतिहास आहे. १५ ऑगस्ट १२४८ रोजी पायाचा दगड बसला. सोळाव्या शतकात काम थांबले, आणि अर्धवट मनोऱ्यावर दगड उचलण्याची लाकडी यारी पिढ्यानुपिढ्या तशीच उभी राहिली. १८४२ मध्ये प्रशियाच्या राजाने काम पुन्हा सुरू केले व १८८० मध्ये ते तडीस गेले. मात्र त्या समारंभाचा मान प्रॉटेस्टंट सम्राटाला मिळाला. कॅथलिक आर्चबिशप राज्यसत्तेशी झालेल्या संघर्षामुळे परागंदा होते.

पाऊस चुकविण्यासाठी आत शिरलेल्या प्रवाशाने तीन राजांची सुवर्णमंजूषा अवश्य पाहावी. पण एक साधी शिलाही शोधावी. १२६६ मध्ये आर्चबिशप एंगेलबर्ट दुसरा याने ज्यूंना दिलेले अभयपत्र तीवर लॅटिनमध्ये कोरले आहे. त्यांना आपले मृत आपल्या स्मशानभूमीत निर्वेधपणे पुरता यावेत, हे त्यातले एक वचन. ज्यू या गावाला परके नव्हते. कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या ३२१ मधील आज्ञापत्रात कोलोनच्या ज्यूंचा उल्लेख आहे. म्हणजे कॅथीड्रलचा पाया घातला गेला, त्याच्या नऊशे वर्षे आधीपासून ते येथे होते.

‘काळ्या दगडावरची रेघ’ असे आपण म्हणतो, ते न फिरणाऱ्या शब्दाला. या दगडावरची रेघ आजही स्पष्ट आहे. शब्द मात्र फिरला. ज्यूंनी विहिरींत विष कालविल्याची अफवा प्लेगच्या भयाने युरोपभर पसरली, आणि ऑगस्ट १३४९ मध्ये टाउन हॉलजवळची ज्यूंची वस्ती जाळली गेली, माणसे मारली गेली. पुढे उरल्यासुरल्यांना परत येऊ दिले खरे. पण १४२४ मध्ये त्यांना कायमचे हद्दपार करण्यात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच अमलात वेशी उघडल्या. १८९९ मध्ये बांधलेले सिनेगॉग नाझींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळले.

त्यानंतर चारच वर्षांनी, मे १९४२ च्या एका रात्री, सुमारे एक हजार ब्रिटिश विमानांनी या शहरावर बाँब टाकले. युद्ध संपेतो जुन्या शहराचा बहुतेक भाग मातीस मिळाला होता. कॅथीड्रलवर चौदा बाँब पडूनही ते उभे राहिले. गावकऱ्यांनी ते दुरुस्त केले, तसे सिनेगॉगही पुन्हा बांधले गेले व सप्टेंबर १९५९ मध्ये उघडले. त्याच वर्षी नाताळात कोणी तरी त्याच्या भिंतीवर स्वस्तिके रंगविली. आपल्या दारावरचे मंगलचिन्ह तेथे कशाची खूण होऊन बसले आहे, हे भारतीय प्रवाशाने जाणून असावे.

कोलोनचे पाथरवट झिजलेला दगड काढतात व त्या जागी नवा बसवितात. दगडाला पाऊस खातो, तसे वचनाला भय खाते. सातशे वर्षांहून अधिक काळ ती शिला टिकून राहिली, पण तिने एकाही माणसाला वाचविले नाही. कारण कोरलेले अक्षर पाळण्याचे काम दगडाचे नसते. ते प्रत्येक पिढीतल्या माणसांचे असते, आणि तेही पाथरवटाच्या कामासारखे कधी संपत नाही.