दुसऱ्या खेपेचा शब्द

मोनॅकोच्या प्रिन्स पहिल्या आल्बेरला राज्यकारभारापेक्षा समुद्राचं वेड जास्त. १९०१च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या संशोधन-जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना सोबत घेतलं आणि फायसेलियाच्या विषाचा छडा लावायला सांगितलं. फायसेलिया म्हणजे पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येऊन पडणारा तो निळा फुगा, आपण ज्याला 'ब्लू बॉटल' म्हणतो. त्याचा दोरा पायाला लागला की माणूस चांगलाच कळवळतो.

सफर आटोपून दोघे फ्रान्सला परतले. तिथे फायसेलिया कुठून मिळणार? म्हणून किनाऱ्यावर सहज सापडणारी समुद्रपुष्पं घेतली, त्यांच्या शुंडकांचा अर्क ग्लिसरीनमध्ये काढला आणि किती मात्रेने जीव जातो हे बघायला कुत्र्यांना टोचला. काळ लसींचा होता. थोडं विष पचवलं की शरीर पुढच्या वेळी जास्त पचवतं, असंच सगळे धरून चालले होते.

त्या कुत्र्यांत नेपच्यूनस नावाचा एक दांडगा गडी होता. पहिल्या टोचणीने त्याला काहीच झालं नाही. २२ दिवसांनी, तो ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा टोचली. काही सेकंदांतच त्याला धाप लागली, पाय ओढवेनात, तो कुशीवर कोसळला, जुलाब झाले, रक्ताची उलटी झाली. २५ मिनिटांत खेळ संपला.

कुंपणाने शेत खाल्लं होतं. पण या प्रकाराला म्हणायचं काय? ग्रीकमध्ये 'फायलॅक्सिस' म्हणजे राखण. रिशेला त्याच्या उलट शब्द हवा होता. सरळ नकार लावून 'अफायलॅक्सिस' होत होतं, पण ते कानाला बरं लागेना, म्हणून केवळ नादासाठी 'अना' जोडून 'ॲनाफायलॅक्सिस' केलं. फेब्रुवारी १९०२मध्ये हा शब्द पॅरिसच्या विद्वानांपुढे आला आणि १९१३मध्ये रिशेला नोबेल मिळालं. व्याकरणाचा शिक्षक मात्र या शब्दाला गुण देणार नाही. ग्रीक 'अना'चा अर्थ 'विरुद्ध' असा नाहीच. तो 'वर', 'मागे' किंवा 'पुन्हा'. गंमत अशी की चुकून लागलेला हा 'पुन्हा'च आजाराचं मर्म सांगतो. रिशेने मुद्दाम बसून शोधला असता तरी याहून नेमका उपसर्ग त्याला सापडला नसता.

कारण पहिली भेट शरीराने नुसती नोंदवून ठेवलेली असते. कोळंबी, शेंगदाणा, गांधीलमाशीचं विष, पेनिसिलीन, जे काही असेल त्याच्यासाठी एका खास जातीची प्रतिपिंडं बनतात. त्यांचा माग पहिल्यांदा १९२१मध्ये जर्मनीत लागला. क्यूस्टनर या डॉक्टरांना मासा खाल्ला की त्रास व्हायचा. त्यांचा रक्तद्रव त्यांचे सहकारी प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. तिथे टरारून गांध उठली. वावडं एका अंगातून दुसऱ्या अंगात गेलं होतं! ते नेणाऱ्या प्रतिपिंडाला 'आयजीई' हे नाव मिळायला १९६८ साल उजाडलं.

ही प्रतिपिंडं जाऊन बसतात मास्ट पेशींवर. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिखने १८७८च्या प्रबंधात या पेशींना हे नाव दिलं, कारण आत कणच कण ठासलेले पाहून त्या खाऊन फुगल्या आहेत असं त्याला वाटलं. जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणजे जनावराला पुष्ट करणारा चारा. तो चारा नव्हता, दारूगोळा होता. तोच पदार्थ दुसऱ्यांदा आला आणि त्याने शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र जखडलं, की पेशी आपली कोठारं रिती करते. त्यातल्या हिस्टामिनने रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो; घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. एका जागी झालं तर ती गांध. सगळ्या अंगभर एकदम झालं तर नेपच्यूनस. यावरचा पहिला उतारा म्हणजे मांडीच्या स्नायूत टोचायचं ॲड्रेनालिन. ते शुद्ध रूपात काढल्याचं जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केलं तेही १९०१ सालीच.

'ॲलर्जी' हा शब्द 'ॲनाफायलॅक्सिस'चा धाकटा भाऊ. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालवैद्याने तो १९०६मध्ये घडवला. घोड्याचा रक्तद्रव टोचलेल्या मुलांना दुसऱ्या खेपेला लवकर आणि जोराचा त्रास होतो, हे त्याने पाहिलं होतं. धाकटा गावभर फिरला. आज सोमवारचीही ॲलर्जी असते. थोरला मात्र इस्पितळातच राहिला, आपल्या घरात त्याला शब्द नाही. 'वावडं' म्हणजे मानवत नाही एवढंच. 'पित्त उठलं' म्हटलं की आई आमसूल भिजत घालते, ते अंगाला चोळते. खाज शमते म्हणतात. पण अंग उठता उठता आवाज घोगरा झाला, श्वास अडकू लागला, तर त्याला आपण काय म्हणतो? 'काहीतरी झालं' म्हणतो आणि रिक्षा शोधतो.

इंजेक्शनच्या खोलीत सिस्टर सुई भरता भरता विचारतात, "या औषधाचा कधी त्रास झालाय का?" खुर्चीतले काका बाही वर करत हसतात. "छे हो, मागच्या महिन्यात हेच घेतलं होतं. काही झालं नाही."

सिस्टर तरीही सुई बाजूला ठेवतात आणि टेस्ट डोसची छोटी सिरिंज उचलतात.