किर्लोस्कर रोड ते किर्लोस्करवाडी

गणपतीच्या खरेदीला आपण बाजारात निघालो की किर्लोस्कर रोडवरून एक फेरी होतेच. त्या नावामागचा इतिहास मात्र आपण बेळगावकर अर्धाच सांगतो. सायकलच्या एका दुकानातून केवढा उद्योग उभा राहिला, हे पाहुण्यांना अभिमानाने ऐकवतो. तो उद्योग आपल्या गावात का राहिला नाही, हे सांगायचे टाळतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा, आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. (संगीत नाटकवाले अण्णासाहेबही त्याच गावचे. एवढ्याशा गावाने महाराष्ट्राला रंगभूमीही दिली आणि कारखानदारीही!) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेल्या लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत, असे आढळले. मग त्यांनी यांत्रिक रेखाटनाची वाट धरली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह 1888 मध्ये सुरू झालेले सायकलचे दुकान इथे होतेच. सायकल त्या काळी श्रीमंतांची चैन. ती विकायची, दुरुस्त करायची आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायची, असा तो व्यवसाय होता.

दुकानात दोन पैसे मिळत होते. पण सायकल परदेशी कारखान्याची. आज आपण विकतो, उद्या दुसरा कोणी विकेल. लक्ष्मणरावांचा हात रेखाटनावर आणि लेथवर बसलेला होता. आपले खरे भांडवल विक्रीत नसून या हातात आहे, हे त्यांनी ओळखले, असे आम्हांला वाटते. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी तयार केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगराची कथा आपल्याकडे शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगितली जाते. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असे लोक म्हणत आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, एवढेच आपण ऐकलेले असते. पण शेतकऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यात करून देई. मोडला तर तोच दुरुस्त करी, रोकड लागत नसे. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा आणि ऐन हंगामात काही तुटले तर जायचे कुठे? एका अवजाराच्या बदल्यात शेतकऱ्याला गावची सगळी जुनी घडी सोडायची होती. विषाच्या शंकेत ही धास्तीही मिसळलेली असणार.

तिला उत्तर शेतातच मिळायचे होते. काळ्या रानात कुंदा आणि हरळी माजली की लाकडी नांगर वरवर ओरखडे काढतो, मुळे खालीच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ उलथून टाकतो. फाळ झिजला तर तेवढाच काढून नवा बसवता येतो. हे दिसू लागले तशी मागणी वाढली.

कारखाना जम धरत असतानाच जागेचा प्रश्न आला. ठळकवाडीत नवी वसाहत व्हायची होती आणि नगरपालिकेने कारखान्याची जागा मोकळी करायला सांगितली. ज्या ठळकवाडीत आपल्यापैकी कित्येकांची घरे आणि शाळा आहेत, तिच्यासाठीच हा कारखाना गावाबाहेर गेला. नगरपालिकेला दोष देणे सोपे आहे. तिला घरे हवी होती, तीही लागतातच. पण कारखान्याला गावात दुसरीकडे जागा मिळाली नाही, हेही खरे.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावले, दहा हजार रुपये कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जागा दिली. निवडुंगाने भरलेला, सापांचा तो माळ. 1910 च्या मार्चमध्ये तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. निवडीत शहाणपण एवढेच, की माळ ओसाड असला तरी रेल्वे शेजारी होती.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. 1920 मध्ये मालाची माहिती देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आले. आपल्या आज्यांच्या कपाटात या अंकांचे गठ्ठे असत, ते एका नांगरवाल्याच्या जाहिरातपत्राचे वंशज! तोवर चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून परतले होते. 1926 मध्ये पंप तयार झाला आणि मग डिझेल इंजिन. ज्याने बैलांच्या नांगरावर नाव मिळवले, त्यानेच मोटेच्या बैलांना विहिरीवरून सुट्टी देणारे यंत्र काढले. 1941 मध्ये हरिहरला लेथचा कारखाना आणि 1946 मध्ये पुण्यात ऑईल इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटारींचा. माल बदलत गेला. ओतकाम आणि घडकाम, हे मूळ मात्र तेच राहिले.

आज आपल्या उद्यमबागेत ओतशाळांच्या भट्ट्या पेटलेल्या असतात. त्यांतल्या कोणाला उद्या जागा लागली, कोणाला जुना माल टाकून नव्याकडे वळण्यासाठी दोन वर्षे दम धरायचा असला, तर या गावात त्याला आधार कोण देणार, हा प्रश्न आम्हांला किर्लोस्कर रोडच्या पाटीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पुण्याला रेल्वेने जाताना मिरज आणि सांगली मागे पडली की थोड्या वेळाने किर्लोस्करवाडी स्टेशन येते. तेच जुने कुंडल रोड. गाडी तिथे आली, की डब्यातला कोणीतरी बेळगावकर खिडकीतून बाहेर बोट दाखवतो आणि शेजारच्याला म्हणतो, “हे आमच्या गावचे.”