जावास्क्रिप्ट भाषेतील युनिकोड संकेतांकन

जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. १६ बिटांत मावणारे ६५,५३६ क्रमांक त्या वेळी पुरेसे मानले गेले. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. तिच्या १९९७ मधील पहिल्या मानकात मजकूर म्हणजे १६ बिटांच्या एककांची मालिका, अशी व्याख्या करण्यात आली. तत्पूर्वीच, १९९६ मध्ये, युनिकोडची मर्यादा ११,१४,११२ स्थानांपर्यंत वाढली होती. मूळ मर्यादेबाहेरील वर्ण दोन एककांच्या जोडीने दर्शविले जाऊ लागले; भाषा मात्र एककेच मोजीत राहिली.

देवनागरीचे मूळ वर्ण जुन्या मर्यादेत बसतात. मराठी कागदपत्रांची मोडी लिपी मात्र २०१४ मध्ये त्या मर्यादेबाहेर समाविष्ट झाली. त्यामुळे मोडीचा एक वर्ण दोन म्हणून मोजला जातो आणि मजकूर चुकीच्या जागी तोडल्यास तो निरर्थक होतो. २०१५ च्या मानकात पूर्ण वर्ण वाचण्याची साधने आली. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती नसल्याने तेथे जोड्या ओळखणाऱ्या पूरक आज्ञावल्या वापराव्या लागत. जुनी संकेतस्थळे बिघडू नयेत म्हणून लांबी मोजण्याची मूळ रीत अद्यापि कायम ठेवण्यात आली आहे.