बालरक्षणाच्या कायद्याचा इतिहास : खडवलीच्या निमित्तानें

कल्याणच्या उत्तरेस, कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, भातसा नदीच्या कांठीं खडवली हें गांव आहे. इ. स. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत तेथील एका विनानोंदणी आश्रमांतून २९ मुलांना, म्हणजे २० मुली व ९ मुलगे यांना, शासकीय अधिकाऱ्यांनीं बाहेर काढलें. ही घटना स्थानिक खरी. परंतु आश्रमास नोंदणी कां लागावी, या प्रश्नामागें पावणेदोनशें वर्षांचा इतिहास आहे. तो येथें संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे.

सरकारचा या विषयांतील पहिला कायदा १८५० सालचा. त्यान्वयें अनाथ व गरीब मुलांस धंदा शिकण्याकरितां कारागिरांकडे करारानें बांधून देतां येई. १८५७ सालीं मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवें बालगुन्हेगारांकरितां सुधारशाळा निघाली. दोहोंचीही दृष्टि मुलास कामास लावण्याची होती. समाजाकडून निघालेला प्रवाह मात्र निराळा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. तेथें निराधार विधवेचें बाळंतपण होई, आणि आई व मूल या दोघांसही आश्रय मिळे. तेथेंच जन्मलेल्या यशवंतास त्यांनीं १८७४ सालीं दत्तक घेतलें. १८७५ त पंढरपुरासही असेंच गृह स्थापन झालें.

मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यानें १९२४ सालीं स्वतंत्र बालकायदा केला, व १९२७ सालीं मुंबईंत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९४८ सालीं मुंबईचा नवा बालकायदा आला. गुन्हा केलेलें मूल व उपेक्षित मूल यांचा विचार करणारीं मंडळें येथें वेगळीं झालीं तीं १९८६ च्या केंद्रीय कायद्यानें. बालकल्याण समिति २००० च्या कायद्यानें आली. हल्लीं चालू असलेला कायदा २०१५ चा आहे.

या कायद्याप्रमाणें समितींत अध्यक्ष व चार सभासद असतात, व तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. निराधार आढळलेलें मूल चोवीस तासांच्या आंत तिच्यापुढें आणावें लागतें. मुलें ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी सक्तीची असून, ती न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कारण उघड आहे : ज्या घराची सरकारदरबारीं नोंद नाहीं, तेथें तपासणीस कोणी जात नाहीं, आणि मुलाची तक्रार भिंतीबाहेर येत नाहीं. १९९६ सालीं मुंबईंत १०९८ या क्रमांकाची दूरध्वनिसेवा सुरू झाली, ती याच भिंतीस खिडकी पाडण्यासाठीं.

तथापि संस्था हा शेवटचा उपाय होय, असें हाच कायदा सांगतो. कित्येक आईबाप मुलास आश्रमांत ठेवतात तें माया आटली म्हणून नव्हे, तर दोन वेळचें अन्न व शाळा घरीं परवडत नाहीं म्हणून. अशा मुलांस कुटुंबांतच राहतां यावें, याकरितां महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेंतून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये देण्याचें ठरलें. या योजनेस सावित्रीबाईंचें नांव आहे, हें यथायोग्यच होय. आईपासून मूल तोडूं नये, हें सूत्र त्यांच्या घरांत कायद्याच्या कितीतरी आधीं आचरणांत होतें. नोंदणीची तपासणी मूल घराबाहेर पडल्यावर त्याचें रक्षण करते; तें बाहेर पडण्याची वेळच न येऊं देणें, हें रक्षणाचें पहिलें अंग होय.