जिंकली, म्हणून बाद

२२ जून १८७६. अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त न्यूयॉर्कच्या पाण्यात शिडाच्या होड्यांची शर्यत लागली. तेथील वेगवान होड्या तेव्हा रुंद, उथळ बुडाच्या असत. त्या कलंडू नयेत म्हणून खलाशी वाळूची पोती वाऱ्याच्या बाजूस ओढीत. त्यांच्यात नॅथॅनियल हेरेशॉफ या तरुण अभियंत्याने ‘अमॅरिलिस’ उतरवली. शेजारी शेजारी जोडलेली दोन सडपातळ बुडे, मध्ये मोकळे पाणी!

तिने आपला गट सहज मागे टाकला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली आणि तिला बाद ठरवण्यात आले.

तिच्या वेगाचे मर्म नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात होते. नाळ पाणी कापताना लाट उठवते. वेगाबरोबर ती लाट लांबत जाते. ती होडीएवढी लांब झाली, की होडीला स्वतःच उठवलेला चढ चढावा लागतो. पाण्यालगत २५ फूट लांब असलेल्या रुंद होडीला ही अडचण ताशी सुमारे ६.७ सागरी मैलांवर गाठते. अरुंद नाळ मात्र पाणी इतके हळुवार दुभंगते, की तो चढ फारसा उभाच राहत नाही. एकटे अरुंद बूड उलटले असते. येथे दोन बुडांमधील अंतरानेच तोल सांभाळला.

हेरेशॉफने १८७७ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. तसे पाहता, प्रशांत महासागरातील बेटवासी जोडहोड्या शतकानुशतके हाकत होते. आणि ‘कॅटमरान’ हे नाव तर तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलेले.

१९८८ मध्ये कॅटमरान अमेरिका चषकात उतरली, तेव्हाही वाद न्यायालयात गेला. १९९० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.